आजीच्या फोनला ओळखीचे आवाज

आमच्याकडं दसरा झाला की गाव रिकामं व्हायला लागतं. धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात आमची वाडी आहे. जमीन मुरमाड, विहिरीचं पाणी संक्रांतीपर्यंत कसंबसं टिकणारं. सीताफळांचा हंगाम सरत आला की ऊसतोडीसाठी ट्रक येतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या कोयते, भांडीकुंडी, अंथरुणं आणि कडेवरची लेकरं घेऊन त्यात चढतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं जातं, कुणी कर्नाटकात अथणीकडं. परत येणं गुढीपाडव्याच्या आगंमागं. तोवर गावात राहतात ती म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि घरटी एक मोबाइल.

माझे मायबाप याच कामाला जातात. मी लहानपणी आजीपाशी राहून शिकलो, आता धारूरच्या स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो. रोज रात्री वाडीवर परत. दिवसभर घरी आजी एकटी, आणि तिच्यापाशी तो फोन.

आजीला अक्षरओळख नाही. बटणाचा फोन होता तेव्हा मी दोनच्या बटणावर माय, तीनवर बप्पा म्हणजे माझे वडील, चारवर माझा नंबर लावून दिला होता. बटण दाबून धरलं की फोन लागायचा, आणि ते तिला छान जमायचं. म्हणजे तिनं फोन करायचा प्रश्न सुटला होता. तिला आलेला फोन कुणाचा, हे मात्र कळत नव्हतं. पुढं टचचा फोन घेतला, नावापुढं प्रत्येकाचा फोटो लावला. पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. उन्हात काचेवर तिला स्वतःचंच तोंड दिसायचं. फोनमध्ये नाव वाचून दाखवायचीही सोय असते, तीही लावून पाहिली. फोनमधल्या बाईच्या तोंडून आलेलं बप्पांचं नाव आजीला कुण्या परक्या माणसाचं वाटायचं. ती विचारायची, "हे कोन म्हनायचं?"

फोन कुणाचा ते कळणं का महत्त्वाचं, हे ऊसतोडीच्या घरात राहिल्याशिवाय लक्षात येणार नाही. कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, विजेची खात्री नसते. फोन कुठंतरी दुकानात नाहीतर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करायचा. पहाटे अंधारात फडावर जायचं, गाडी भरेपर्यंत दम नाही, आणि गाडी कधी येईल याचा नेम नाही. मायला बोलायला सवड मिळते ती भाकरी थापण्याच्या आधीचा थोडा वेळ. तेवढ्यात आजीनं फोन उचलला नाही तर बोलणं दुसऱ्या दिवसावर गेलं. मग रात्रभर तिकडं मायला घोर आणि इकडं आजीला.

त्यातच शेजारच्या काकूंच्या बाबतीत भलतंच घडलं. बँकेतून बोलतोय, खातं बंद पडणार आहे, मोबाइलवर आलेले आकडे सांगा, असं म्हणणारा फोन आला. काकूंनी जवळ बसलेल्या नातीकडून आकडे वाचून घेतले आणि सांगून टाकले. श्रावणबाळ योजनेचे साठवलेले पैसे गेले. त्यांनी भीतीपोटी ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगितली. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या नंबरवर मी तक्रार नोंदवून दिली, पण तोवर रक्कम पुढं पोचली होती, ती परत आली नाही. या नंबरवर पहिल्या तासाभरात फोन केला तर पैसे अडवण्याची आशा असते, म्हणून तो घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. त्या रात्री मी ठरवलं की आजीच्या फोनला एकेका माणसाचा वेगळा आवाज द्यायचा. आवाज ओळखीचा असेल तर उचलायचा, नसेल तर वाजून जाऊ द्यायचा.

दुकानात रिंगटोन म्हटलं की लोकांच्या डोक्यात गाणं असतं. धारूरचं कॅलेंडर मी गिऱ्हाइकांच्या मोबाइलवरून सांगू शकतो. १९ फेब्रुवारी जवळ आला की पोवाडे, १४ एप्रिलच्या आधी भीमगीतं, आषाढीला प्रल्हाद शिंदे. एक काळ असा होता की एसटीत एक फोन वाजला की चार जण खिसे चाचपायचे, कारण सगळ्यांकडं नोकियाची तीच धून. ती धून मुळात फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकानं १९०२ मध्ये रचलेल्या वॉल्ट्झचा तुकडा आहे, हे मी गिऱ्हाइकांना आवडीनं सांगतो. नंतर मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा आला आणि प्रत्येकाचा फोन निराळा वाजू लागला.

पण गाणं या कामाला चालत नाही. पहिली अडचण वेळेची. 'ट्राय' या दूरसंचार नियामक संस्थेनं नोव्हेंबर २०१९ मध्ये नेमून दिलं आहे की न उचललेला मोबाइल ३० सेकंद वाजला पाहिजे आणि लँडलाइन ६० सेकंद. त्याआधी कंपन्यांच्या चढाओढीत ही वेळ २०-२५ सेकंदांवर आली होती. तीस सेकंदांत गोठ्यातून उठून, हात पुसून, देवळीतला फोन घ्यायचा. गाण्याच्या सुरुवातीचं वाद्यवादन संपेपर्यंत यातले दहा-पंधरा सेकंद जातात आणि तोवर कुणाचा फोन ते कळतच नाही. ओळख पहिल्याच क्षणी पटली पाहिजे. दुसरी अडचण कानाची. वय झालं की बारीक, टिपेचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. आणि मोबाइलचा स्पीकर एवढासा, त्यातून ढोलाचा घुमारा बाहेरच पडत नाही. मधल्या पट्टीचं काहीतरी हवं. माणसाचा आवाज त्यात नेमका बसतो.

म्हणून मी आवाज गोळा करायला लागलो. त्या वर्षी ट्रक निघायच्या आदल्या संध्याकाळी माय गाईला हाक मारत होती, "हरणेऽ, ये गं." तीच हाक फोनवर रेकॉर्ड केली. बप्पांसाठी काय घ्यावं ते सुचेना. शेवटी आजीच म्हणाली, "त्याच्या बैलाच्या घुंगरमाळा हायेत की माळवदावर." २०१२-१३ च्या दुष्काळात चाऱ्यावाचून बैलजोडी विकावी लागली होती. माळा मात्र बप्पांनी ठेवून घेतल्या होत्या. त्या उतरवल्या, झटकल्या, कानाजवळ धरून हलवल्या. बैल गेल्यापासून तो नाद घरात पहिल्यांदा झाला. आजी उठून बाहेर गेली, बऱ्याच वेळानं आत आली आणि म्हणाली, "लाव हेच."

बहीण चाकणला असते. तिच्यासाठी तिच्या लेकराचं खिदळणं घेतलं. माझ्यासाठी दुकानाचं शटर वर जातानाचा खडखडाट. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो, त्याच्या ड्रायव्हरला टँकरचाच हॉर्न. तो वाजला की फोन उचलायच्या आधी आजी घागरी बाहेर काढते. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंसाठी शाळेची घंटा.

हे लावणं अवघड नाही. आवाज रेकॉर्ड करायचा, सुरुवातीचा रिकामा भाग कापून टाकायचा, म्हणजे फोन आल्याबरोबर आवाज सुरू होतो. चार-पाच सेकंदांचा तुकडा पुरतो, तोच पुन्हा पुन्हा वाजत राहतो. फाइल फोनमधल्या रिंगटोनच्या फोल्डरमध्ये ठेवायची. मग संपर्कांच्या यादीत त्या माणसाचं नाव उघडायचं, वरच्या तीन ठिपक्यांत किंवा बदल करण्याच्या पानावर रिंगटोनचा पर्याय असतो, तिथं ही फाइल निवडायची. दुकानात सगळ्यात जास्त लोक अडतात ते एका जागी: नंबर सिम कार्डावर साठवलेला असतो. सिमवरच्या नावाला वेगळी रिंगटोन लागत नाही. तो नंबर आधी फोनमध्ये किंवा गूगल खात्यावर घ्यावा लागतो. व्हॉट्सअॅपचा कॉल निराळा असतो, त्याचा आवाज व्हॉट्सअॅपमध्ये त्या माणसाच्या नावावर जाऊन स्वतंत्र लावावा लागतो. आणि फोन 'साफ' करायच्या नादात पोरांनी ती फाइल उडवली तर फोन गुपचूप मूळच्या टोनवर जातो. म्हणून मी सगळे आवाज माझ्याकडं जपून ठेवतो.

बरेच लोक रिंगटोन आणि कॉलर ट्यून यांत गोंधळतात. कॉलर ट्यून आपल्याला फोन करणाऱ्याला ऐकू येते, तिचे काही वेळा पैसे कापले जातात, आणि फोन लावताना चुकून स्टार दाबला गेला तरी ती सुरू होऊ शकते. रिंगटोन आपल्या फोनमध्ये, आपल्या कानासाठी, फुकट. म्हाताऱ्या माणसाच्या कामाची ती हीच.

आजीला शिकवायला काही लागलंच नाही. पहिल्या दिवशी मी दुकानातून एकेकाला फोन करायला लावला आणि संध्याकाळी विचारलं, तर तिनं कोण आधी आणि कोण नंतर ते क्रमानं सांगितलं. मायची हाक फोनमधून आली की दावणीची हरणी मान वर करते. मायला हे सांगितलं तर ती तिकडून म्हणाली, "मी कशी वाजते, मला ऐकव की." मी तिला तिचीच हाक ऐकवली. ती बराच वेळ हसत होती.

एक गोष्ट मात्र राहिली होती, आणि ती बप्पांनी विचारली. "माझा फोन बंद पडला अन् मी दुसऱ्याच्या फोनवरनं लावला, तर आजी उचलंल का?" प्रश्न खरा होता. अनोळखी घंटी उचलू नको, असं मीच तिला बजावलं होतं. मग ऊसतोडीच्या टोळीतल्या सगळ्यांचे नंबर मागवले: मुकादमाचा, ट्रकवाल्याचा, शेजारच्या कोप्यांतल्या चार-पाच घरांचा. सगळे आजीच्या फोनमध्ये भरले आणि सगळ्यांना एकच आवाज दिला, कोयत्यावर कानस फिरवतानाचा. हा आवाज आमच्या गावात कुणाला समजवावा लागत नाही. आजीनंही उमेदीत कोयता धरलेला आहे.

पुढच्याच हंगामात त्याचा उपयोग झाला. रात्र पडल्यावर फोन वाजला तो कानशीच्या आवाजात. मी घरी पोचलो नव्हतो. आजीनं उचलला. ट्रकवाल्याच्या फोनवरून बप्पा बोलत होते. मायच्या पायाला कोयता लागला होता, दवाखान्यात टाके घातले होते, आणि बप्पांचा फोन फडातल्या पाण्यात पडून बंद झाला होता. गावात दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लागून ही बातमी कळण्याआधी आईला आपल्या तोंडून सांगावी, म्हणून त्यांनी धडपडून फोन लावला होता. मागून मायचाही आवाज आजीला ऐकू आला. मी आलो तेव्हा आजी शांतपणे भाकरी करत होती. मला म्हणाली, "पाय कापलाय, पन बोलली ती."

हे गावात पसरलं आणि माझ्या दुकानात म्हातारी माणसं फोन घेऊन यायला लागली. एकदा हंगामी वसतिगृहावरच्या बाई आल्या. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या पोरांची सोय गावातच व्हावी म्हणून ही वसतिगृहं हंगामापुरती चालतात. बाईंकडं एकच फोन आणि संध्याकाळी त्यावर सगळ्या आईबापांचे फोन. फोन वाजला की सगळी पोरं उठून पळत यायची आणि एकजण सोडून बाकीची तोंड पाडून परत जायची. बाईंना हेच बघवत नव्हतं. आम्ही प्रत्येक पोराकडून त्याचं नाव त्याच्याच आवाजात बोलून घेतलं आणि ते त्याच्या आईबापाच्या नंबरांना लावलं. आता ज्याच्या घरून फोन येतो त्याचंच नाव फोनमधून येतं. बाकीची पोरं ताटावर बसून राहतात आणि तो एकटा पळतो. नाव सांगताना एका पोरीनं आपलं पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव आणि गावसुद्धा सांगितलं. मी काही कापलं नाही.

टोळीला जाणाऱ्या सगळ्यांना आणि घरी म्हातारी माणसं ठेवून पुण्या-मुंबईला राहणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. निघायच्या आधी अर्धा तास घरच्या फोनपाशी बसा. तुमचा आवाज त्यात भरा, तो सुरुवातीपासून स्पष्ट येऊ द्या. सोबतच्या किमान तिघा-चौघांचे नंबर फोनमध्ये घाला, सिमवर नको, आणि त्यांना एकसारखा आवाज द्या. परक्या नंबरांना फोनची मूळची घंटी राहू द्या आणि ती वाजली तर उचलायची नाही, हे घरच्यांना समजावून सांगा. जमलं नाही तर दसऱ्याच्या आधी धारूरला स्टँडवर या. या कामाचे मी पैसे घेत नाही.