बिनवशिंडाचे बैल

पोळ्याच्या आठ दिवस आधी पुतण्या पुण्याहून आला तो बुटाच्या खोक्यात फौज घेऊन. खोकं ओसरीवर उघडलं. कापसात गुंडाळलेले शिपाई, घोडे, तोफा. एकेक शिपाई अंगठ्याच्या अर्ध्या उंचीचा. पायापासून डोळ्यांपर्यंत २८ मिलिमीटर. डोक्यापर्यंत नाही, डोळ्यांपर्यंत, कारण वरती टोपी असते आणि टोपीची उंची पलटणीगणिक बदलते. हे त्यानं मला अगदी गंभीरपणे सांगितलं. बत्तीस वर्षांचा घोडा. काकू म्हणाली, "लेकरू होईल तवा त्याले खेळाले ठेव."

खेळ असा, की नेपोलियनच्या काळातली एखादी लढाई मोठ्या टेबलावर मांडायची. टेकड्या, नाले, गावं करायची. दोघांनी दोन सैन्यं घ्यायची, फुटपट्टीनं अंतर मोजत पलटणी पुढं सरकवायच्या, फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. हे पोरकट वाटतं, पण प्रशियाच्या सैन्यानं १८२४ साली आपल्या अधिकाऱ्यांना शिकवायला असाच खेळ घेतला होता. पुतण्याच्या मंडळात वॉटर्लू पाचसहा वेळा लढून झालं होतं. आता त्याला अडगाव लढायचं होतं.

अडगाव म्हणजे आपल्या वऱ्हाडातलं, अकोला जिल्ह्यातलं. ज्या वेलिंग्टननं १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियन हरवला, तो त्याआधी बारा वर्षं नुसता जनरल वेलस्ली होता आणि आमच्या काळ्या मातीत हिंडत होता. २३ सप्टेंबर १८०३ ला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. समोर नागपूरकर दुसरे रघुजी भोसले आणि दौलतराव शिंदे. अडगावला भोसल्यांची फौज रघुजींचा भाऊ मनुबापू चालवत होता. मी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवला. पुस्तकात या लढाईला दीड ओळ होती.

मी म्हटलं, "अरे, अडगाव कशाला? आपल्या पांढरकवड्याजवळ शिवणीला १७ एप्रिल १८१८ ला बाजीराव पेशव्याला कर्नल अ‍ॅडम्सनं गाठलं. लढाई घरची आहे, ती मांड."

"काका, त्यात पेशवा पळतो. पळापळीचा खेळ कसा मांडणार?"

त्याचं खरं होतं. अडगावच ठरलं.

या शौकातला मुख्य नियम असा, की बाहुली खरी पाहिजे. सालाप्रमाणे, पलटणीप्रमाणे, हवेप्रमाणेसुद्धा. १८१५ चा इंग्रज शिपाई उचलून १८०३ च्या वऱ्हाडात उभा केला तर जाणकार हसतात. त्याची टोपी वेगळी, अंगरखा वेगळा. इंग्रजांच्या बाजूची अडचण फार नव्हती. त्यांचं सगळं लिहून ठेवलेलं. लाल कोटाच्या कॉलरचा आणि बाह्यांच्या पट्ट्यांचा रंगसुद्धा. ७४ व्या पलटणीचा पांढरा, ७८ व्या पलटणीचा पिवळट बदामी, ९४ व्या पलटणीचा हिरवा. पहिल्या दोन्ही पलटणी स्कॉटलंडच्या डोंगरी लोकांच्या. ते आपल्या उन्हात त्यांचा घागरा नेसून लढले की पांढऱ्या विजारीत, यावर खेळणाऱ्यांत अजून भांडणं होतात म्हणे. पुतण्यानं ७८ व्या पलटणीला घागरे घेतले आणि ७४ व्या पलटणीला विजारी. दोन्हीकडच्या शिव्या अर्ध्या अर्ध्या खायच्या, असं त्याचं गणित.

आपल्या बाजूला काय, तर खोक्यात चाळीस मावळे. दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायचे, मातीचे, पुण्याच्या बाजारातले. मी एक उचलून पाहिला. हातात ढाल, डोक्याला मुंडासं, चेहऱ्यावर भगभगीत गुलाबी रंग.

"हे शिवाजी महाराजांच्या वेळचे," मी म्हटलं. "मधात सव्वाशे वर्षं गेली."

"तात्पुरते आहेत काका. मराठे म्हणून दुसरं काही सहज मिळत नाही."

इंग्रजाच्या बाहीची पट्टी बदामी की पांढरी यावर रात्र रात्र जागणारी माणसं मराठ्यांच्या जागी कुठल्याही शतकातला मुंडासंवाला उभा करतात, हे मला झोंबलं. पुतण्याला तसं बोलून दाखवलं. तो रागावला नाही. म्हणाला, "मग तुम्ही सांगा, कोण उभे करायचे."

मग पोळ्यापर्यंतचे आठ दिवस आम्ही दोघं ओसरीवर बसून हेच करत होतो. शेतात निंदण चालू होतं. मजूर बाया येताजाता पाहून हसायच्या.

अडगावला स्कॉट पलटणींवर जीव तोडून कोण चालून गेलं? भोसल्यांच्या चाकरीतले अरब. शेकड्यांनी गेले आणि बहुतेक तिथंच पडले. तेव्हा मराठ्यांच्या बाजूला पहिले अरब पाहिजेत. लांब झगा, कमरेला वाकडी कट्यार, हातात तोड्याची बंदूक. अशा बाहुल्या विलायतेत मिळतात, अरबस्तानातल्या लढायांसाठी केलेल्या. त्या चालतील. त्यानंतर घोडेस्वार. रुईच्या अंगरख्यातले, भाला आणि ढालवाले, आणि ते भरपूर पाहिजेत, कारण शिंद्यांचेही होते. तिसरे म्हणजे भोसल्यांचं कवायती पायदळ. यांच्यातले जे अडगावहून सुटले ते गाविलगडावर बेनीसिंग किल्लेदाराबरोबर लढले. गड पडल्यावर वेलस्लीनं जे कळवलं त्यात यांच्या हातात कंपनीच्याच नव्या बंदुका आणि संगिनी होत्या असं आहे. म्हणजे यांना ढाल-तलवार दिली की चुकलं. बंदूक द्यायची, ती इंग्रजासारखीच.

पुतण्या वहीत लिहून घेत होता. एकदम थांबून म्हणाला, "काका, तुमचा मराठा तर इंग्रजासारखा दिसायला लागला."

"आता तुझा इंग्रज काढ," मी म्हटलं.

त्यानं दुसरा डबा उघडला. वेलस्लीच्या फौजेत गोऱ्या पलटणी मोजक्या. बाकी सगळं पायदळ मद्रासकडचं. लाल कोट, डोक्याला निळसर रंगाची कडक बांधलेली पगडीवजा टोपी, खाली काठाची पांढरी अर्धी चड्डी, उघड्या पोटऱ्या, पायात वहाणा. सावळा रंग. आपल्याकडं जुन्या माणसांच्या तोंडी कवायती शिपायाला तेलंगा हाच शब्द होता. आमच्या केळापूर तालुक्यात तेलंगा म्हटलं तर कोणी दचकत नाही. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. पांढरकवड्याच्या बाजारात मिरच्यांचा भाव निम्मा तेलुगूत चालतो. ती बाहुली तळहातावर घेतली आणि मला आमच्याकडं कापूस वेचायला येणाऱ्या टोळीतला माणूस आठवला. तीच उभं राहायची तऱ्हा.

यातल्या तीन पलटणी असईला उत्तम लढल्या होत्या. अडगावला तोफांचा मारा सुरू झाल्याबरोबर त्या मोडून मागं पळाल्या. वेलस्लीनं स्वतः जाऊन त्यांना गोळा केलं. पुतण्याच्या खेळात यासाठी वेगळा फासा आहे. सहापैकी एक-दोन पडले की पलटण मोडते.

आता टेबलाकडं पाहिलं तर ते हिरवंगार. विलायती गवताचा गालिचा. नोव्हेंबर अखेरच्या वऱ्हाडात हिरवं काय असतं? माती काळी, भेगाळायला लागलेली, आणि शेतात ज्वारी उभी. तेव्हाची ज्वारी आताच्या संकरितासारखी कमरेएवढी नव्हती, घोड्यावरचा माणूस झाकेल एवढी होती. मी त्याला शेतातली माती चाळणीनं चाळून दिली, तीन किलो. ज्वारीसाठी काकूनं जुन्या केरसुणीच्या काड्या दिल्या. शेवटी लढाई दिवस मावळता मावळता संपली आणि घोडदळानं चांदण्यात पाठलाग केला, म्हणून त्याला निळा दिवा पाहिजे होता. तो वणीला मिळाला.

राहिले बैल.

तोफा घोड्यांनी ओढायच्या ही युरोपातली रीत. इकडं तोफ, दाणा, तंबू, सगळं बैलांच्या मानेवर. वेलस्लीची सगळी हुशारी बैलांवर चालली म्हटलं तरी चालेल. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरचे अमृतमहाल बैल कंपनीच्या हाती आले, आणि हा माणूस त्यांच्या दाण्यापाण्याची चौकशी स्वतः करायचा. पुतण्याला हे माहीत होतं, म्हणून त्यानं बैलांच्या सहा जोड्या मागवल्या होत्या. शिसं-कथलाच्या, ओतीव, महागाच्या.

त्या घेऊन आम्ही सुतारबाबाकडं गेलो. पोळ्याच्या आधी बाबाच्या अंगणात नंदीच नंदी असतात. सागाचे, चार चाकांवरचे, तान्ह्या पोळ्याला पोरांनी ओढायचे. बाबाचं वय ऐंशीच्या घरात. एक ओतीव बैल त्यानं उन्हात धरला, फिरवला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"मास्तर, हे काय व्हय?"

"बैल हाय बाबा. तोफ ओढाचा."

"याले वशिंड कुठी हाय?"

मी पाहिलं. खरंच नव्हतं. पाठ मानेपासून शेपटीपर्यंत सपाट.

"गळ्याखाली पोळीबी नाई. कान पाय कसे हायेत, डुकरावानी. अन् जू कायवर टेकवान याच्या? मांगं सरकन ना ते."

"बाबा, हे विलायती बैल हायेत."

"मंग विलायतीतच राहू द्या त्याइले."

पुतण्या हसत होता, पण त्याचा चेहरा पडला होता. सहा जोड्यांचे पैसे मला नंतर कळले. आमची गावातली चांगली शेळी आली असती त्यात. मला खरं आश्चर्य दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. हा मुलगा लहानपणी सुट्टीत इथं यायचा, आमच्या बैलांच्या पाठीवर बसायचा. तो महिनाभर त्या बाहुल्यांकडं पाहत होता आणि वशिंड नाही हे त्याला दिसलं नव्हतं. बटण दिसलं होतं. पण त्याला तरी काय बोल लावायचा? आमच्या घरची जोडी विकून सहा वर्षं झाली. गावात तोरणाखाली एके काळी शंभरावर जोड्या उभ्या राहायच्या, गेल्या साली मी मोजल्या, एकोणीस. त्यातही जर्सीच्या वाणाचे दोन, ज्यांना वशिंड जेमतेम आणि दुपारच्या उन्हात जे औताला बसकण मारतात.

बाबाला विचारलं, एवढा लहान बैल होईल का? तो म्हणाला, साग नाही चालणार, चिरा जातात. पेरूची वाळलेली फांदी आणा. चार दिवसांनी त्यानं दोन बैल दिले. वशिंड होतं, पोळी होती, वेसण होती. बारीक तांब्याच्या तारेची. एकाची शिंगं लांब, मागं गेलेली, टोकदार. ती अमृतमहालासाठी मी सांगितली होती. दुसऱ्याची आखूड, बोथट. ते गवळाऊ, आपल्या वर्धा-नागपूरकडची पांढरी, हलक्या अंगाची, चालीला तेज जात. भोसल्यांच्या तोफांना तीच शोभते. पुतण्या या दोघांचे साचे काढून पुण्यात बाकीचे ओतून घेणार होता. बाबानं दोन मोठ्या नंद्यांचे पैसे घेतले. लहानाला मेहनत जास्त, म्हणाला.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गल्लीतली पोरं नंदी घेऊन दारी आली. नागपुरात हा तान्हा पोळा १८०६ साली याच दुसऱ्या रघुजींनी सुरू केला असं सांगतात. म्हणजे अडगाव हरल्यावर तीन वर्षांनी. पोरांनी बोजारा घेतला आणि ओसरीवरची फौज पाहून नंदी तिथंच सोडले. शेजारच्या सात वर्षांच्या पोरीनं विचारलं, "आजोबा, यातले आपले कोन्ते?"

मी अरब दाखवले. तिला पटलं नाही. घोडेस्वार दाखवले, ते पटले. मग तिनं स्वतःच लाल कोटातला, अर्ध्या चड्डीतला तेलंगा उचलला आणि म्हणाली, "हा आपला हाय."

"तो तिकडचा आहे बेटा."

"मंग आपल्यासारका कावून दिसते?"

पुतण्या माझ्याकडं पाहत होता. मी म्हटलं, त्याला पगार तिकडून मिळत होता. ती म्हणाली, बरं, आणि तेलंगा घोडेस्वारांच्या रांगेत नेऊन ठेवला.

संध्याकाळी पोरं गेल्यावर आम्ही एकदा लढाई मांडून पाहिली. खेळात वीस माणसांना एक बाहुली. इंग्रजांच्या बाजूचे मेलेले ४६, जखमी तीनशेवर. त्यांची मोजदाद झाली आहे. मेलेल्यांच्या म्हणजे सव्वादोन बाहुल्या. पुतण्यानं दोन आडव्या केल्या आणि तिसरीला नुसतं गुडघ्यावर बसवलं. आपल्या बाजूला कोणी नावं मोजली नाहीत, नुसते अंदाज आहेत, हजारांतले. तिथं त्यानं हातानं रांगच्या रांग आडवी केली. ३८ तोफा इंग्रजांनी घेतल्या. पुढं १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला, तो निजामाकडं. आम्ही बसलो होतो ती जागा त्यातलीच.

बाबा अंगणात खाटेवर बसून पाहत होता. त्यानं विचारलं, "तोफा नेल्या म्हंजे बैलबी नेले असतीन."

"नेलेच असतील बाबा."

"कोन्या गावचे व्हते ते?"

पुतण्यानं तोफांपुढचे बैल सोडवले आणि टेबलाच्या दुसऱ्या अंगाला, वेलस्लीच्या मागं नेऊन उभे केले. बाबा म्हणाला, अशे नाई, पहिले पानी दाखवा त्याइले. मग नाला त्या बाजूला सरकवावा लागला.