टेबलामागचा माणूस

वसईकडच्या नंदाखाल गावी आमच्या आळीत तेव्हा दर दोन घरांआड कुणीतरी गल्फला असायचं. माझे पपा कुवेतला फिटर होते. २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि त्यांची पत्रं थांबली. आई सकाळच्या बातम्यांना रेडिओला कान लावून बसायची, संध्याकाळी रोझरी झाली तरी गुडघ्यांवरून उठायची नाही.

तिकडे पपांच्या हाती काहीच उरलं नव्हतं. पासपोर्ट कंपनीच्या कचेरीत, मालक परागंदा, साठवलेले दिनार कवडीमोल. कुवेतमध्ये तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटले. त्या गळाभेटीवर पुढे पुष्कळ टीका झाली. मला ती कधीच पटली नाही. बोलणी केल्याशिवाय माणसं सुटणार नव्हती, आणि त्या माणसांत माझे पपा होते.

कुवेतमधल्याच भारतीयांनी समिती केली, बसगाड्या जमवल्या. बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या सीमेवर वाळवंटातले तंबू. तिथल्या पाण्याच्या रांगेबद्दल पपा फार बोलत नसत. बोलत ते अम्मानबद्दल.

अम्मानला दूतावासाच्या माणसांनी टेबलं मांडली होती. पपांचा नंबर आला तेव्हा अंगात ताप होता. टेबलामागच्या गृहस्थांनी आधी त्यांना खुर्ची दिली, मग पासपोर्ट मागितला. तो नाही म्हटल्यावर विचारलं, "घर कहाँ है?" "बंबई के पास, वसई." मग कुठल्या स्टेशनवर उतरायचं, पुढे एसटी कुठली, शेतात काय पिकतं, असं विचारत राहिले. कागद नसलेला माणूस आपल्याच देशाचा आहे याची खात्री करायची ती रीत होती. पण महिनाभर कुणी घरचं विचारलं नव्हतं. केळी आणि पानवेलीबद्दल सांगताना पपांना रडू आलं. गृहस्थ थांबले, पाणी दिलं, आणि एकदाच्या प्रवासापुरता परवाना लिहून त्यावर शिक्का मारला. तिकिटाला पैसे नाहीत, असं पपा सांगू लागले, तर ते म्हणाले, तिकीट सरकारचं आहे.

१३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या काळात एअर इंडियाने ४८८ उड्डाणांतून एक लाखाहून जास्त माणसं अम्मानहून मुंबईला आणली. एवढ्या माणसांची नावं कुणीतरी एकेक करून लिहून घेतली होती, हे मी मोठी झाल्यावर माझ्या ध्यानात आलं.

त्या गृहस्थांचं नाव पपांनी विचारलं नाही, मागे रांग होती. ती चुटपुट त्यांना जन्मभर राहिली. पुढे संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईचे दावे मागवले, दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयात त्यासाठी खास कुवेत कक्ष उघडला, तेव्हा गावोगावचे परतलेले लोक इंग्रजी फॉर्म घेऊन आमच्या ओटीवर येऊ लागले. पपा दिवसभर वाडीत राबून रात्री ते भरून देत. कुणी पैसे पुढे केले तर चिडत. आई पपांना जेवायला बोलवायची. ते समोरच्याला आधी खुर्ची देत, पाणी विचारत, मग म्हणत, "हं, सांग. गाव कुठलं?"