फिरता नाद

कोकणातल्या वाचकांना आमचे पांढुर्णा नकाशावर शोधावे लागेल. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, जाम नदीच्या काठी ते वसले आहे. राज्य मध्य प्रदेश. घरातली बोली मात्र मराठी. शेजारचे सौंसर आणि आम्ही पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होतो. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून वेगळा जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार आणि कार्तिकातला काकडा, एवढ्यावर आमचे वर्ष तोलले जाते.

काकड्याची दिंडी पहाटे देवळाला वळसा घालून आमच्या दारावरून जाते. माझ्या वडिलांनी कित्येक वर्षे तिच्यात वीणा वाहिली. आता गुडघ्यांनी उत्तर दिल्यामुळे ते ओसरीवर बाजेवर पडून ती ऐकतात. दिंडी देवळामागे गेली की टाळांचा आवाज झाकोळतो. कोपरा ओलांडला की तोच एकाएकी उजळतो. न पाहताच, दिंडी कोठवर आली हे ते अचूक सांगतात.

सौंसरचा माझा भाचा गिटार वाजवतो. गेल्या कार्तिकात तो आला तो गिटार आणि पायाने दाबायची एक लहानशी डबी घेऊन. पेडल म्हणतात तिला. ‘मामा, यातून फिरता आवाज निघते,’ असे म्हणून त्याने तार छेडली. आणि तो सूर खरोखरच खोलीभर फिरू लागला.

त्या डबीची वंशावळ मनोरंजक आहे. अमेरिकेत १९३५ साली हॅमंड ऑर्गन बाजारात आला. डोनाल्ड लेस्ली नावाच्या एका गृहस्थाने तो घेतला. परंतु घरी त्याचा आवाज त्याला सपाट वाटला. म्हणून १९४०च्या सुमारास त्याने कपाटाएवढी एक पेटी घडवली. तिच्यात वरच्या स्वरांसाठी गरगर फिरणारा कर्णा आणि खर्जासाठी फिरता पिंप बसवला. कर्ण्याला तोंडे दोन दिसतात. आवाज मात्र एकातूनच येतो, दुसरे केवळ तोलासाठी! संथ गतीत तो मिनिटाला सुमारे ४० ते ५० फेरे घेतो, द्रुत गतीत सुमारे ४००. तोंड आपल्याकडे येताना सूर किंचित चढतो आणि दूर जाताना उतरतो. डॉप्लरने १८४२ साली मांडलेले हे तत्त्व आमच्या स्थानकावर न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा रोज शिकवतो. खुद्द हॅमंडला ही पेटी रुचली नाही. लोकांना मात्र रुचली, आणि पुढे गिटारवाल्यांनीही ती आपलीशी केली.

डबीत यातले काहीच फिरत नाही. तारेचा नाद अंकांत साठवायचा आणि क्षणाच्या अत्यल्प अंशाने मागेपुढे करीत परत वाचायचा. विलंब घटत असता सूर चढतो, वाढत असता उतरतो. त्याच्या जोडीला आवाज लहानमोठा करायचा आणि डावीउजवीकडे वाटायचा. गणित ते एवढेच.

भाच्याला हे वाद्य पौर्णिमेच्या भजनात वाजवायचे होते. मंडळींनी नाके मुरडली, आणि त्यांत पहिले नाक माझे होते. देवापुढे नक्कल कशाला, असे मी बोलून गेलो. ज्या हार्मोनियमवर मी उभा जन्म काढला, तिच्यावर १९४० साली आकाशवाणीने बंदी घातली होती आणि १९७१पर्यंत ती सैल झाली नव्हती, याचे त्या वेळी मला सोयीस्कर विस्मरण झाले.

भाचा हिरमुसून ओसरीवर वाजवीत बसला. त्याने संथ गतीवरून द्रुत गतीवर पाय दाबला, तोच बाजेवरून आवाज आला :

‘पोरा, हे लगेच पळते. दिंडी वळते तेव्हा टाळकरी आधी निघते, पखवाज मागून येते. तुझं सारंच एकदम कसं वळते?’

भाचा चपापला. मूळ पेटीत हलका कर्णा सेकंदाभरात वेग घेतो, तर जड पिंपाला कित्येक सेकंद लागतात. दोघांची मधली ओढाताण हाच त्या नादाचा प्राण. डबीत त्यासाठी दोन निराळ्या कळा होत्या. ऐकणाऱ्याने चमकावे म्हणून त्याने दोन्ही एकदम शीघ्र ठेवल्या होत्या. ज्यांनी ती पेटी जन्मात पाहिली नाही, त्या वडिलांनी केवळ दिंडीच्या अनुभवावरून नेमके तेच व्यंग पकडले.

वजन असलेली वस्तू एकाएकी वेग घेत नाही, हे पेटीला लागू आहे तसेच भजनालाही. नामघोषाची लय चढते ती हळूहळू. झांज आधी, पखवाज मागून. ज्या नकलेने वस्तूचे वजन ओळखले नाही ती पोकळ. ज्या नकलेने ते ओळखले ती निदान प्रामाणिक. माझा आक्षेप नकलेला होता. तो खरे म्हणजे घाईला असायला हवा होता.

मी स्वतः जाऊन मंडळींकडे रदबदली केली. एका अभंगापुरती परवानगी मिळाली. देवळातले दोन्ही कर्णे एकाच तारेवर जोडलेले असल्यामुळे नाद फिरेना. भाच्याने ते सोडवून निराळे केले. पौर्णिमेच्या रात्री वडिलांना खुर्चीवर बसवून आम्ही सभामंडपात नेले.

परतताना मी विचारले, ‘बाबा, कसं वाटलं?’

‘आता ठीक,’ ते म्हणाले. ‘पण पहाटे दिंडीत तू जात जा. मी इथून ऐकतो.’

गेली चार वर्षे मी दिंडीला गेलो नव्हतो. यंदा टाळ घासूनपुसून ठेवले आहेत.