गावचे घर, कवेलू आणि तरोटा

हे गेल्यावर गावच्या घराला जे कुलूप लागले ते सहा वर्षे उघडलेच नाही. आधी करोनाची दोन वर्षे, मग माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन, मग नातीची दहावी. कारणे सगळी खरी होती, पण शेवटी ती कारणेच! यंदा जून लागल्यावर मुलगा म्हणाला, "आई, या शनिवार-रविवारी जाऊन त्या घराचे काय ते ठरवून टाकू. आणखी एक पावसाळा ते काही उभे राहत नाही."

"काय ते" म्हणजे दोनच गोष्टी होत्या. पाडून स्लॅबचे घर बांधायचे, नाही तर जागा विकायची. पेंचच्या जंगलामुळे त्या बाजूच्या जागांना आता गिऱ्हाईक आहे. नागपूरच्याच एका गृहस्थांनी दिवाळीत मुलाला फोन करून विचारले होते. मी हो म्हटले नव्हते आणि नाहीही म्हटले नव्हते.

शनिवारी सकाळी मुलगा, सून आणि मी निघालो. कामठी, कन्हान, मनसर. मनसरला उजव्या हाताचा रामटेकचा फाटा सोडला आणि देवलापारच्या दिशेने सरळ गेलो. लग्न झाल्यावर १९७५ साली मी याच रस्त्याने एसटीने पहिल्यांदा गेले होते, तेव्हा अर्धा दिवस लागला होता. आता मोठा महामार्ग झाला आहे. पुढे जंगलात तर वाघ-हरणांना जाण्यासाठी रस्त्याखालून नऊ ठिकाणी वाटा ठेवल्या आहेत, असे मुलाने सांगितले. दोन तासांच्या आत गावात पोचलो. म्हणजे अंतर हे काही न येण्याचे कारण नव्हते.

घर मातीच्या भिंतींचे, तीन खणांचे. पुढे छपरी, मागे सांदवाडी. डाव्या अंगाची भिंत शेजारच्या घराची आणि आमची एकच. वर कवेलू. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगते, कवेलू म्हणजे कौले, पण तुमची मंगलोरी नव्हेत. मंगलोरी कौले बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढून करायला सुरुवात केली. त्यांना खाचा असतात, ती एकमेकांत अडकून बसतात. आमचे गावठी कवेलू कुंभाराच्या हातचे, अर्धगोल. ते नुसते एकमेकांवर टेकलेले असतात. वानरांची टोळी एकदा नाचून गेली, मांजर धावले, वावटळ आली, की सरकतात नि फुटतात. म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी छपरावर चढून ते फेरावे लागतात. सगळे काढायचे, फुटके बाजूला करायचे, खालच्या कमच्या बघायच्या आणि पुन्हा ओळीने बसवायचे. एक साल चुकले तर घरात धार लागते. दोन-तीन साले चुकली तर लाकूड सडते आणि मातीची भिंत खाली बसते.

आमची सहा साले चुकली होती.

कुलूप गंजले होते, फोडावेच लागले. आत पाऊल टाकताना मी मनाची तयारी केली होती. वटवाघळांचा वास होता, कोपऱ्यात घुशीने माती उकरली होती, दाराच्या चौकटीला उधई लागली होती. पण भिंतींवर पाण्याचा एक ओघळ नव्हता. सासूबाईंनी छुईने पोतलेली भिंत मळली होती, पण कोरडी होती. मुलगा मोबाईलचा दिवा लावून छत बघत राहिला. "आई, हे गळलेच नाही गं!" असे दोनदा म्हणाला.

इतक्यात दारातून आवाज आला, "आले का जी बाई?"

शेजारच्या जाऊबाई. रक्ताच्या नव्हेत. भिंतीला भिंत म्हणून जाऊबाई. वय ऐंशीच्या पुढे, पाठीत वाकलेल्या. मुलाने गावाच्या दुसऱ्या टोकाला घरकुल बांधले आहे, तिथे सगळे राहतात. ह्या मात्र जुन्याच घरात राहतात, कारण स्लॅबखाली उन्हाळ्यात जीव उकडतो. आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यामुळे त्यांचे म्हणणे खोटे नाही. कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून तरी जाते.

मी विचारले, "कवेलू कोणी फेरले हो जाऊबाई?"

"नातवानं. दरसाली फेरतो. आमचं झालं का तुमच्यावर जातो."

"अहो, पण सांगायचे तरी! मी पैसे पाठवले असते."

"त्यात काय सांगाचं? तुमचं गळलं का मयाल सडते. मयाल सडली का माह्या घरावर येते."

मयाल म्हणजे घराचा मुख्य आडवा वासा. त्यांच्या मयालीचे एक टोक आमच्यातल्या त्या एकाच भिंतीवर टेकलेले आहे. मला गहिवरून बोलायचे होते, आभार मानायचे होते. पण त्यांनी उपकार केल्याचे कबूलच केले नाही, तर आभार मानायचे कुणाचे?

रात्री त्यांच्याच छपरीत जेवलो. तांदळाची भाकर, कांदा, कैरीचा टक्कू आणि तरोट्याची भाजी. रोहिणीत दोन सरी पडून गेल्या होत्या, त्यामुळे बोटभर तरोटा जिकडेतिकडे उगवला होता. सून पहिल्या घासालाच म्हणाली, "आई, हा तर टाकळा! माझी रत्नागिरीची आजी करायची." माझी विदर्भातली रानभाजी कोकणात दुसऱ्या नावाने नांदते हे मला पंचाहत्तरीला टेकल्यावर कळले.

आणि आता कबुलीच देते. नवी नवरी म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी मला हीच भाजी वाढली होती. मी नागपूरच्या महालातली, बी.ए. झालेली. ज्याला गाय तोंड लावत नाही ते आपण का खायचे, असे मनात आले. सासूबाई पाणी आणायला वळल्या आणि मी भाजी मुठीत घेऊन सांदवाडीत टाकून आले. कोणाला कळले नाही, या समजुतीत पन्नास वर्षे काढली.

त्या रात्री मी दुसऱ्यांदा भाजी मागितली तेव्हा जाऊबाई वाढता वाढता म्हणाल्या, "तवा फेकली व्हती तुमी. कोंबड्यायनं बी नाही खाल्ली."

सून हसून हसून लोळली. मी विचारले, "तुम्ही पाहिले होते? मग सासूबाईंना सांगितले नाही?"

"कशाले सांगाचं?" एवढेच म्हणाल्या.

रविवारी पहाटे त्यांनी आम्हा दोघींना भाजी खुडायला नेले. गावाच्या कडेकडेनेच. आत जंगलात आता बाया एकट्यादुकट्या जात नाहीत. मोहफुले आणि तेंदूपाने वेचताना वाघाने बाया मारल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतोच. वाचून आपण पान उलटतो. ह्यांना मात्र दुसऱ्या दिवशी त्याच रानात जायचे असते.

तरोटा कसा ओळखायचा ते त्यांनी सुनेला शिकवले. पानाच्या तीन जोड्या मोजायच्या, टोक गोल पाहिजे. त्याच्यासारखाच दिसणारा कासुंदा असतो. त्याच्या जोड्या जास्त, पाने टोकदार आणि वास उग्र. तो घ्यायचा नाही. फुलावर आलेला तरोटा जून होतो, म्हणून कोवळे शेंडेच खुडायचे. एका जागचा सगळा खुडायचा नाही. कुड्याची पांढरी फुलेही ओटीभर मिळाली. ती उकळून, पाणी पिळून, कांदा-लसणावर परतायची म्हणजे कडूपणा जातो. हल्ली ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. तिथे हीच भाजी शहरातले लोक पैसे मोजून घेतात. जाऊबाईंना सांगितले तर म्हणाल्या, "बाप्पा! तरोट्याचे पैसे?"

परत येताना बांधावर त्या टेकल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घर इकून रायले म्हनते जी तुमी."

मला काही बोलता येईना.

"ज्याचं त्याचं हाये, बाई. मी काई म्हनत नाही. फकस्त पाडाच्या आंधी सांगजा. मी माह्या मयालीले टेकन लावून घेईन."

चाळीस वर्षे वर्गात उभी राहून बोलले मी. पण त्या बांधावर मला एक धड वाक्य सुचले नाही. दिवाळीपासून हा विषय आमच्या घरी चालू होता. भाव किती येईल, कर किती लागेल, मुलीचा हिस्सा किती, सगळे बोलून झाले होते. त्या भिंतीच्या पलीकडे कोणी राहते, हे एकदाही कोणाच्या बोलण्यात आले नव्हते. माझ्यासुद्धा.

दहा वाजता देवलापारहून मिस्त्री आला. टेप लावून मोजमाप केले. म्हणाला, "कॉलम घ्यावे लागतील, ही भिंत काढावी लागेल. सात लाख धरून चाला." मुलाने विचारले, "भिंत काढली तर पलीकडचे घर?" मिस्त्री म्हणाला, "ते तुमच्या आराखड्यात नाही जी."

मुलगा बराच वेळ छपरीत बसला. मी मुद्दामच काही बोलले नाही. तो इंजिनीअर आहे, त्याला मयालीचे गणित माझ्यापेक्षा चांगले कळते. मग उठून मिस्त्रीला म्हणाला, भिंत राहू द्या. उधई लागलेले चार फाटे बदला (फाटे म्हणजे उतरते वासे), चौकट नवी करा, मागे संडास-न्हाणी बांधा, आणि त्या एका भिंतीचा पाया दोन्ही बाजूंनी पक्का करा. दोन्ही घरांचा खर्च आमच्याकडे.

जाऊबाई म्हणाल्या, "माह्या अंगाचे पैसे मी देईन."

"आजी, सहा वर्षांची मजुरी बाकी आहे आमच्याकडे," मुलगा म्हणाला. त्यावर त्या गप्प राहिल्या. याचा अर्थ मान्य.

पण खरा प्रश्न पैशाचा नाहीच, हे दुपारी कळले. तो नातू दिवाळीनंतर बुटीबोरीला कारखान्यात कामाला लागणार आहे. कवेलूंवर चालणे हे कसब आहे. अनवाणी चढायचे, पाय फाट्याच्या रेषेतच टाकायचा. गावात ते येणारे आता दोन-तीन म्हातारे उरले, आणि म्हाताऱ्यांना वर चढवत नाही. कवेलूही कोणी नवे करत नाही. पडलेल्या घरांचे जुने आणायचे. मग पुढच्या साली कोण?

मुलाने बूट काढले आणि शिडीला लागला. पन्नाशीचा माणूस! माझा जीव खालीवर. नातू वरून सांगत होता, "पाय फाट्यावर ठेवा काकाजी, मधात नोका ठेवू." जाऊबाई खालून फुटल्याचा आवाज मोजत होत्या. संध्याकाळपर्यंत अर्ध्या खणाचे कवेलू फेरून झाले आणि अकरा फुटले. "पह्यल्या साली माह्या मालकानं ईस फोडले व्हते," त्या म्हणाल्या. ही शाबासकीच होती.

निघताना त्यांनी सुनेच्या पदराखाली तरोट्याची जुडी दिली आणि मला म्हणाल्या, "आता फेकजा नोको."

नागपूरला परतल्यावर आठच दिवसांत पाऊस लागला. रात्रभर कोसळत होता. मला झोप नाही. सकाळी सात वाजता नातवाच्या मोबाईलवरून त्यांचा फोन आला.

"बाई, गळलं जी. तुमच्या पोरानं फेरलं, तितलंच गळलं."

"अगबाई! मग आता?"

"मी गंज ठेवला ना खाली. चाबी देऊन गेले व्हते तुमी. पोराले म्हना, येत्या शनवारी ये."

मुलाला सांगितले. त्याने शनिवारची कुठलीशी मीटिंग होती ती हलवली. मीही जाणार आहे. वर चढता येत नसले तरी खाली उभी राहून फुटलेले कवेलू मोजता येतात मला.