बिंदूंची गणती आणि डोळ्यांची साक्ष

घरात नवा दूरचित्रवाणी-संच घ्यावयाचा ठरला म्हणजे हल्ली पहिली चर्चा होते ती आकड्यांची. ‘फुल एचडी’ घ्यावा की ‘फोर-के’? जणू काय जितके बिंदू अधिक तितके सुख अधिक! महिन्याच्या प्राप्तीचा मोठा भाग ज्या वस्तूवर खर्चावयाचा, तिच्याविषयी थोडा विचार केलेला बरा, असे आम्हांस वाटते.

‘हाय डेफिनिशन’ हे बिरुद काही आजचे नव्हे. १९२६ साली बेअर्ड यांनी लंडनमध्ये दाखविलेले चित्र अवघ्या ३० रेषांचे होते. पुढे १९३६ साली बीबीसीने ४०५ रेषांचे चित्र प्रक्षेपित केले, तेव्हा त्यासही हेच बिरुद लाभले. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले ते ६२५ रेषांवर. त्यांपैकी चित्राच्या वाट्यास ५७६ येत. आजच्या फुल एचडी पडद्यावर १९२० स्तंभ व १०८० ओळी, म्हणजे सुमारे २० लक्ष बिंदू असतात. फोर-के पडद्यावर त्यांच्या चौपट.

परंतु पडद्यावर असणे निराळे आणि डोळ्यांस दिसणे निराळे. निकोप दृष्टीसही साधारणतः अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक तपशील वेगळा ओळखता येत नाही. या हिशेबाने फुल एचडी चित्राच्या उंचीच्या सव्वातीनपट अंतरापलीकडे बसल्यास त्याचे बिंदू एकमेकांत मिसळून जातात. त्रेचाळीस इंची संचाच्या चित्राची उंची सुमारे २१ इंच. तेव्हा ही मर्यादा साडेपाच-पावणेसहा फुटांवर आली. आपण नऊ फुटांवर बसून पाहत असू, तर फोर-केचे जादा ६२ लक्ष बिंदू आपल्यापुरते नसल्यासारखेच!

शिवाय आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? जुनी मालिका नव्या पडद्यावर लावली, तर मधले बिंदू यंत्र अंदाजाने भरते. मूळ चित्रात नसलेला तपशील त्यास खरोखर परत आणता येत नाही. प्रक्षेपणात माहिती फार आवळली असेल, तर धावत्या सामन्यातील हिरवळीचे चौकोनी ठिगळ बनते. उलट काळोख खरोखर काळा दिसला आणि रंग यथातथ्य उतरले, तर थोड्या बिंदूंचे चित्रही डोळ्यांत भरते.

म्हणून आमची सूचना इतकीच की, दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरातील बैठकीपासून भिंतीपर्यंतचे अंतर फुटपट्टीने मोजावे. घरातील वृद्धांस बसल्या जागेवरून पडद्यावरील अक्षरे वाचता येतील की नाही, हेही पाहावे. आकडे खोक्यावर छापलेले असतात. पाहावयाचे मात्र आपल्याच डोळ्यांनी असते.