बेंबीपाशी

लेक नऊ वर्षांची होती. सकाळी दप्तर भरता भरता बेंबीवर हात दाबून मटकन खाली बसायची. ओव्याचं पाणी झालं, हिंगाचा लेप झाला, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मग रक्त, लघवी, सोनोग्राफी. सगळे रिपोर्ट नॉर्मल. एका डॉक्टरांनी फाइल मिटत म्हटलं, "हिला काही झालेलं नाही." लेकीनं माझ्याकडे पाहिलं. पोट तर दुखतच होतं, आणि आम्ही मोठ्यांनी मिळून तिला खोटं ठरवलं होतं.

पुढच्या डॉक्टरबाईंनी आधी तिलाच बोट ठेवून जागा दाखवायला सांगितली. वजन-उंची पाहिली. रात्री दुखून जाग येते का, शौचातून रक्त जातं का, ताप येतो का, सारं विचारलं. मग म्हणाल्या, "दुखणं खरं आहे. आतडं आणि मेंदू सतत एकमेकांना निरोप देत असतात. हिच्या आतड्याच्या नसा हळव्या झाल्यात. साधी हालचालही वेदना होऊन पोचते." ब्रिस्टलच्या जॉन ॲप्ली आणि नोरा नेश यांनी १९५८ मध्ये १००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. साधारण दहातल्या एका मुलाला असं वारंवार पोट दुखत होतं. हे वाचलं तेव्हा आमचं घर एकटं नाही, एवढा धीर आला.

सल्ला साधा होता. दुखलं तरी शाळा, अर्धा दिवस का होईना. न्याहारीनंतर शौचाला निवांत दहा मिनिटं. झोपेची वेळ ठरलेली. कळ आली की पोट फुगवत सावकाश श्वास. वजन घटलं, रक्त दिसलं, रात्री जाग येऊ लागली तर लगेच यायचं. एरवी नव्या तपासण्या नाहीत. आणि शेवटचं, "सारखं 'दुखतंय का?' विचारू नका."

गोळ्या असत्या तर घड्याळ लावून दिल्या असत्या. हे मात्र जमेना. पहिल्याच आठवड्यात तीनदा तिला घरी ठेवलं. काळजी म्हणजे विचारपूस, हेच मी लहानपणापासून पाहिलेलं. पण मी विचारलं की खेळात रमलेलं तिचं मन उठून बेंबीपाशी जायचं; उत्तराआधी ती माझा चेहरा वाचायची.

दोन गोष्टी एकदम मानायच्या होत्या: दुखणं खरं आहे, आणि त्यात धोका नाही. पहिली सोडली की लेक खोटी ठरते, दुसरी सोडली की पुन्हा तपासण्यांची रांग. मी आलटूनपालटून एकेकच धरत होते. पालक सल्ला पाळत नाहीत, असं म्हणतात. पण "काही झालेलं नाही" एवढंच ऐकून परतलेल्या घराला पुढचा प्रत्येक सल्ला बोळवण वाटतो. डॉक्टरबाईंनी आधी दुखणं मान्य केलं, म्हणून तर त्यांचं पुढचं ऐकावंसं वाटलं.

दुखणं कमी व्हायला महिने लागले. एका सकाळी ती पुन्हा बेंबीवर हात ठेवून बसली. मी शेजारी बसले. काही न बोलता दोघींनी दहा श्वास मोजले. मग तिनंच उठून बूट घातले. रिक्षा वळणाआड जाईपर्यंत मी फाटकात उभी होते.

संध्याकाळी ती धापा टाकत सांगू लागली, लंगडीत तिघींना बाद केलं, चौथी थोडक्यात निसटली. माझा रोजचा प्रश्न ओठांवर आलेला होता. मी विचारलं, "चौथी कशी गं निसटली?"