सोमवारपर्यंत थांबू नका

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नजर दिवसागणिक सुधारायला हवी. सुधारलेली नजर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा धुरकट झाली, डोळा लाल होऊन ठणकू लागला, पापणी सुजली, तर रात्री दोन वाजतासुद्धा फोन करा. आम्हाला मात्र पुष्कळदा शनिवारी फोन येतो, "डॉक्टर, आईला कालपासून कमी दिसतंय, थेंब चालूच आहेत, सोमवारी आणू का?" नाही. आत्ताच निघा. हा एन्डॉफ्थॅल्मायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यात नजर तासातासाने जाते.

तो विरळाच, हजार ऑपरेशनांमागे एखाद्याला, चांगल्या ठिकाणी त्याहूनही कमी. बहुतेक वेळा जंतू पेशंटच्या स्वतःच्या पापणीवरचेच असतात. त्वचेवर ते निरुपद्रवी. पण डोळ्याच्या आत सुमारे 4 मिलिलिटर पारदर्शक जेल असतं, त्यात रक्तवाहिन्या नाहीत. शरीराचे रक्षक पोहोचेपर्यंत जंतू फोफावतात आणि शेजारचं नाजूक दृष्टिपटल होरपळतं.

गोळ्या, थेंब का पुरत नाहीत, हे नातेवाइकांना समजावणं सर्वांत अवघड जातं. रक्तातल्या नको त्या गोष्टी दृष्टिपटलापर्यंत येऊ नयेत म्हणून निसर्गाने तिथे पहारा ठेवला आहे. तोच पहारा औषधही अडवतो. म्हणून सुई थेट डोळ्यातच द्यावी लागते. डोळा बधिर करून आधी आतल्या द्रवाचा नमुना घेतो, मग व्हँकोमायसिन 1 मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम 2.25 मिलिग्रॅम, प्रत्येकी 0.1 मिलिलिटरमध्ये. लॅबच्या रिपोर्टची वाट पाहत नाही.

1995 साली अमेरिकेत 420 पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना फक्त उजेड कळत होता, त्यांना आतलं जेल काढण्याच्या शस्त्रक्रियेचा, व्हिट्रेक्टमीचा, स्पष्ट फायदा झाला. ज्यांना निदान हात हललेला दिसत होता, त्यांचं इंजेक्शनवरही तितकंच भागलं. आता यंत्रं बरीच सुधारली आहेत. एका दिवसात उतार पडला नाही, तर मी व्हिट्रेक्टमी लांबवत नाही.

छिन्नी-हातोड्याचं काम करताना लोखंडाची कपची डोळ्यात घुसली, तर गाठ आणखी उग्र जंतूंशी असते. बॅसिलस सेरियस दिवसा-दोन दिवसांत डोळा संपवतो. असा डोळा धुऊ नका, चोळू नका, दाबून पट्टी बांधू नका.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा संसर्ग टाळण्यात आपल्याकडचं काम जगाने दखल घ्यावी असं आहे. ऑपरेशनआधी डोळ्यात 5 टक्के पोव्हिडोन आयोडिन घालणं सर्वमान्य आहेच. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने त्यापुढे जाऊन शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सॅसिन सोडायला सुरुवात केली. सहा लाखांहून अधिक डोळ्यांचा हा अनुभव 2017 साली प्रसिद्ध झाला. संसर्गाचं प्रमाण दहा हजारांत सातवरून दोनवर आलं होतं.

घरात कुणाचं डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर डिस्चार्ज कार्डावरचा तातडीचा नंबर आजच मोबाईलमध्ये घालून ठेवा. नजर कमी वाटली, तर औषधाच्या दुकानातून नवे थेंब आणण्यात वेळ घालवू नका. तो नंबर लावा आणि निघा.